ग्रहणीतील यश पर्पटीचे की भाकरीचे?

आपल्या व्यवसायात ज्या थोड्या व्याधींसाठी रुग्ण स्वतःहून आयुर्वेदाकडे वळतो, त्यांत ग्रहणीचा क्रम बराच वरचा आहे. दोन-दोन वर्षे पोट बिघडलेले, वजन उतरलेले, जंतावरची आणि जुलाबावरची औषधे अनेकदा घेऊन झालेली, आणि शेवटी ‘आता आयुर्वेदिक करून पाहू’ म्हणून आलेला रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. आपण त्याला ग्रहणी असे निदान सांगतो. दाडिमाष्टक चूर्ण, चित्रकादि वटी, पंचामृत पर्पटी अशी योजना करतो. चिठ्ठीच्या मागे पथ्य लिहितो: पोळी, मैदा, तळलेले बंद, ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, भात आणि ताजे ताक चालू. तीन-चार आठवड्यांत मळाला बांधा येतो, पोटफुगी उतरते, रुग्णाच्या चेहऱ्यावर तजेला दिसतो. रुग्णही समाधानी आणि वैद्यही समाधानी.

प्रस्तुत लेखाचा विषय हे समाधानच आहे. हे यश चिठ्ठीच्या पुढच्या बाजूचे की मागच्या बाजूचे? पर्पटीचे की भाकरीचे? बहुतेक रुग्णांत दोहोंचे असू शकेल. परंतु काही रुग्णांत ते केवळ भाकरीचे असते, आणि अशा रुग्णांच्या बाबतीत आपले यश हीच त्यांच्या खऱ्या निदानातील अडचण ठरते. हे रुग्ण म्हणजे गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे ज्यांचे लहान आतडे आजारी पडते असे, सीलिअॅक व्याधीचे रुग्ण.

शास्त्रातील ग्रहणी

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात ग्रहणीदोषाचे विवेचन करताना प्रथम अग्नीचे आणि आहारपरिणामाचे विवेचन केले आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ग्रहणी हे अग्नीचे अधिष्ठान. अपक्व अन्नाला धरून ठेवणे आणि पक्व झालेले पुढे सोडणे हे तिचे कर्म. अग्नी दुर्बल झाला की ती दूषित होऊन अन्न अपक्वच पुढे सोडते. सुश्रुताचार्यांनी आमाशय व पक्वाशय यांच्या मध्ये असलेल्या पित्तधरा कलेला ग्रहणी म्हटले आहे आणि अतिसार शमल्यानंतर अग्नी मंद असतानाच अहित आहार घेणाऱ्यास हा व्याधी जडतो, असे उत्तरतंत्रात सांगितले आहे.

चरकोक्त सामान्य लक्षणे पुन्हा एकदा सावकाश वाचावीत. मळ कधी बद्ध, कधी द्रव. तृष्णा, अरोचक, मुखवैरस्य. आणि त्यांच्याच जोडीला हातापायांवर शोथ आणि अस्थी व पर्वांच्या ठिकाणी वेदना. पोटाच्या व्याधीत पाय का सुजावेत आणि हाडे का दुखावीत? आजच्या ज्ञानाने याचे उत्तर सोपे आहे. प्रथिने अंगी लागली नाहीत किंवा आतड्यातून झिरपून गेली, तर रक्तातील अल्ब्युमिन कमी होऊन पायांवर सूज येते. ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम शोषले गेले नाही तर हाडे दुखतात. म्हणजे ग्रहणी हा केवळ जुलाबाचा विकार नसून अन्नरस शरीराला न मिळण्याचा विकार आहे, हे संहिताकारांनी लक्षणांवरूनच ओळखले होते. माधवनिदानाच्या प्रचलित पाठात संग्रहग्रहणीच्या वर्णनात मळ स्निग्ध असतो, असा उल्लेख आहे. अन्नातील स्नेह न शोषता मळावाटे जातो, हे ते निरीक्षण होय.

आधुनिक वैद्यक ज्याला मालअॅब्सॉर्प्शन म्हणते, म्हणजे लहान आतड्यातील शोषणदोष, त्याच्याशी आपल्या ग्रहणीचे नाते इतके जवळचे आहे. नाते जवळचे असले तरी दोन्ही शब्द एकास एक जुळत नाहीत, आणि आपली गफलत येथेच होते. ग्रहणी ही अवस्था आहे. तिच्याकडे नेणाऱ्या वाटा अनेक आहेत. अवस्थेला नाव दिले म्हणजे वाट सापडली असे होत नाही.

लहान आतड्यात काय बिघडते

अन्नाचे शोषण तीन पायऱ्यांनी होते असे ढोबळमानाने म्हणता येईल. पहिली पायरी आतड्याच्या पोकळीत: स्वादुपिंडाचा रस आणि यकृतातून येणारे पित्त यांच्या साह्याने स्नेह, प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ यांचे विघटन. दुसरी पायरी आतड्याच्या अंतस्त्वचेवर: तेथे बोटांसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात, त्यांना विलाय म्हणतात. त्यांच्या पेशींवरच दुधातील साखर पचविणारे लॅक्टेज यांसारखी पाचक द्रव्ये असतात. तिसरी पायरी म्हणजे शोषलेला रस रक्तात आणि लसिकावाहिन्यांत जाणे.

यांपैकी कोणतीही पायरी निखळली तरी रुग्ण आपल्यासमोर एकच तक्रार घेऊन येतो. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्याचे स्वादुपिंड निकामी होत चालले असेल, तर पहिली पायरी मोडलेली असते. सीलिअॅक व्याधीत, किंवा जिआर्डिया या परजीवीच्या दीर्घ संसर्गात दुसरी. आतड्याच्या क्षयात लसिकामार्ग अडला तर तिसरी. दक्षिण भारतातील खेड्यांत १९६०च्या दशकात ट्रॉपिकल स्प्रू या विकाराच्या साथी आल्या होत्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील बेकर आणि मथन यांनी त्यांचा अभ्यास केला. तो विकार फॉलिक आम्ल आणि टेट्रासायक्लिन यांनी बरा होतो. लक्षणसमूह सारखा, हेतू भिन्न, चिकित्सा भिन्न.

कोणता घटक अंगी लागत नाही, यावरूनही बिघाडाच्या जागेचा अंदाज करता येतो. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी आरंभीच्या भागात शोषले जाते, फॉलिक आम्ल त्याच्या वरच्या भागात, तर ‘ब-१२’ जीवनसत्त्व शेवटच्या भागात. म्हणून लोहकल्प महिनोन्महिने देऊनही ज्या स्त्रीचा पांडु हटत नाही, तिच्या आतड्याच्या पहिल्या वीतभर भागाचा विचार करावयास हवा. अशा रुग्णाला जुलाब असतीलच असे नाही. सीलिअॅक व्याधीत मोठ्या माणसांत कित्येकदा पांडु, हाडांची ठिसूळता किंवा वारंवार गर्भपात हीच लक्षणे असतात, क्वचित मलावष्टंभही असतो. पोटाचे नाव न घेता आलेली ही ग्रहणी ओळखणे सर्वांत कठीण. (सातपुड्याच्या पायथ्याकडील चोपडा, यावल, शिरपूर या भागांतून आलेल्या पांडुरुग्णात सिकलसेलचाही विचार अगत्याने करावा, हे जाता जाता नमूद करतो.)

गव्हाची कथा

गहू आणि या व्याधीचा संबंध उलगडला तो नेदरलँड्समध्ये. विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ १९३०च्या दशकापासूनच अशा मुलांना गहू वर्ज्य करून पाहत होते. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात मोठी अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. इतर सर्वांची उपासमार होत असताना ही मुले मात्र सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच बिघडली. डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला. निदानपरिवर्जन आणि पुन्हा निदानसेवन, उपशय आणि अनुपशय यांचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

भारतात हा व्याधी नाहीच, असे दीर्घकाळ मानले जाई. १९६६ मध्ये उत्तर भारतातील मुलांमधील रुग्णांचे वृत्त ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. गोविंद मखारिया व सहकाऱ्यांनी राजधानी परिसरातील लोकांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत साधारणतः ९६ माणसांमागे एकास हा व्याधी आढळला. २०१६ मध्ये डॉ. रामकृष्ण व सहकाऱ्यांनी तीन विभागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. रक्तात या व्याधीची प्रतिपिंडे आढळण्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के. ज्या आनुवंशिक घटकांवाचून हा व्याधी सहसा होत नाही, ते मात्र तिन्ही विभागांत जवळपास सारख्याच प्रमाणात, साधारण तिघांपैकी एकाजवळ आढळले. फरक होता तो ताटातील गव्हाचा: उत्तरेत पुष्कळ, दक्षिणेत अत्यल्प. ईशान्येचे आकडे पाहता गव्हाचे प्रमाण हे एकमेव कारण नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. तरीही बीज सर्वत्र आहे आणि गव्हावाचून ते रुजत नाही, एवढे निश्चित.

खानदेशचे ताट

या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. तरीसुद्धा आपले स्थान कोठे आहे, हे आपल्या स्वयंपाकघरात डोकावले तरी समजते. तापीकाठच्या काळ्या जमिनीतील दादर ज्वारी, बाजरी, उडीद घालून केलेली कळण्याची भाकरी, वाफवलेले फुनके, ज्वारीचे बिबडे हा खानदेशाचा नित्याचा आहार होता. गहू हा सणावाराचा पाहुणा. खापरावरचे मांडे अक्षय्यतृतीयेला, वरण-बट्टी लग्नाकार्यात किंवा भंडाऱ्याला. म्हणजे बीज असलेल्या माणसाला गहू वर्षातून मोजक्या वेळा मिळे. त्या दिवशी पोट बिघडले तरी दोष जड जेवणाला जाई आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी त्याला सांभाळून घेई.

आज चित्र पालटले आहे. शाळेच्या डब्यात पोळी, सकाळी चहाबरोबर टोस्ट किंवा खारी, मधल्या वेळेस बिस्किटे, रात्री पुन्हा पोळी. शिधापत्रिकेवर गहू मिळतो आणि भाकरी थापण्याचा सराव नव्या पिढीत कमी झाला आहे. अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावात पाव आणि नूडल्स यांचे अप्रूप केव्हाच संपले. हॉलंडमधील मुलांना जे युद्धाने अकस्मात दाखवून दिले, तेच आपल्याकडे उलट्या दिशेने आणि संथपणे घडत आहे. तेथे पाव गेला आणि व्याधी लपला; येथे भाकरी गेली आणि लपलेला व्याधी उघडा पडू लागला, असा माझा तर्क आहे.

आता या पार्श्वभूमीवर आपली चिकित्सा पाहावी. वाढ खुंटलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी येते. पोट पुढे आलेले, हातपाय काटकुळे. आपण बालशोष अथवा ग्रहणी म्हणून औषध देतो आणि पोळी बंद करून भाकरी-ताक सुरू करतो. ती सुधारते. आई-वडिलांना वाटते, रोग गेला. सहा महिन्यांनी पथ्य सुटते, लग्नसराईत बट्ट्या होतात, शाळेचा डबा पुन्हा पोळीचा होतो, आणि हळूहळू सर्व पूर्वपदावर येते. पुन्हा औषध, पुन्हा पथ्य, पुन्हा सुधारणा. या हेलकाव्यांत तिच्या उंचीची वर्षे निघून जातात. वाढीचा काळ संपल्यावर ती उंची कोणत्याही रसायनाने परत येत नाही. या मुलीला तीन महिन्यांचे पथ्य पुरत नाही, जन्मभराचे लागते, आणि जन्मभराचे पथ्य निदानाचा पुरावा असल्याशिवाय कोणी पाळत नाही.

गहू बंद करण्यापूर्वी एक चाचणी

येथेच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. सीलिअॅक व्याधीसाठी रक्तातील टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज प्रतिपिंडाची चाचणी केली जाते, प्रयोगशाळेत ती टीटीजी-आयजीए या नावाने ओळखली जाते. सोबत एकूण आयजीए पाहावे लागते, कारण ते जन्मतःच कमी असलेल्या व्यक्तीत ही चाचणी खोटी नकारार्थी येते. त्यानंतर सामान्यतः दुर्बिणीने लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून तुकडे घेऊन विलाय झडले आहेत का, हे पाहतात. परंतु या दोन्ही चाचण्या रुग्ण गहू खात असतानाच विश्वसनीय असतात. गहू बंद केला की प्रतिपिंडे उतरू लागतात, अंतस्त्वचा भरून येऊ लागते आणि पुरावा पुसला जातो. ब्रिटनमधील नाईस या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत चाचणीपूर्वी किमान सहा आठवडे दररोज एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेनयुक्त अन्न घ्यावे, असे सांगितले आहे.

म्हणजे आपण पहिल्याच भेटीत सद्‌हेतूने लिहिलेले ‘पोळी बंद’ हे दोन शब्द पुढील कोणत्याही वैद्याची वाट अडवू शकतात. बऱ्या वाटू लागलेल्या रुग्णाला ‘आता पुन्हा सहा आठवडे पोळी खा आणि आजारी पड’ असे सांगणे किती अवघड आहे, याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना अधिक सांगणे नको. रक्ताचा नमुना घ्यावयास पाच मिनिटे लागतात. तालुक्यात सोय नसेल तर नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. नमुना गेला की त्याच दिवशी भाकरी-ताक सुरू करण्याची घाई करू नये. चाचणी होकारार्थी आल्यास तुकडा-तपासणीचा निर्णय होईपर्यंत पोळी चालू राहू द्यावी.

बुडणारा आणि तरंगणारा मळ

मळाच्या परीक्षणाबाबतही एक सूक्ष्म सावधगिरी सुचवावीशी वाटते. साम मळ गुरुत्वामुळे पाण्यात बुडतो आणि पक्व मळ तरंगतो, ही जलनिमज्जन परीक्षा आपण सर्व शिकलो आहोत. उलटपक्षी, मेदयुक्त मळ हलका असल्याने तरंगतो, असे आधुनिक पाठ्यपुस्तके सांगत आली. एकाच तरंगणाऱ्या मळाला आपण निराम म्हणावे आणि शेजारच्या डॉक्टरांनी शोषणदोष म्हणावे, अशी स्थिती. १९७२ मध्ये लेव्हिट आणि ड्युएन या संशोधकांनी दाखविले की मळ तरंगतो तो त्यात अडकलेल्या वायूमुळे, स्नेहामुळे नव्हे. वायू काढून टाकल्यावर तोच मळ बुडाला. म्हणजे केवळ तरंगण्यावरून दोन्ही बाजूंनी निष्कर्ष काढणे अपुरे आहे. चरकाचार्यांनीही अतिद्रवता, संघात, शैत्य आणि कफदुष्टी हे अपवाद त्याच ठिकाणी नोंदविले आहेत, ते आपण परीक्षेपुरते पाठ करतो आणि चिकित्सालयात विसरतो.

त्याऐवजी थेट प्रश्न विचारावेत. मळावर तेलाचे थेंब दिसतात का? भांड्याला चिकटून राहतो का, पाणी ओतूनही सहज निघत नाही का? दुर्गंधी असह्य आहे का? रात्री झोपेतून उठून जावे लागते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असल्यास तो केवळ मानसिक ताणाचा विकार समजू नये. त्याबरोबर सायंकाळचा ज्वर, उजव्या ओटीपोटात गाठ, मळात रक्त किंवा वेगाने उतरणारे वजन यांपैकी काही असेल तर आतड्याचा क्षय, क्रोन्सचा आजार किंवा त्याहून गंभीर काही नाही ना, हे ठरेपर्यंत पर्पटीकल्पास हात घालू नये.

पथ्यातील छुपा गहू

निदान निश्चित झालेल्या रुग्णाचे पथ्य सांभाळण्यात आपल्याइतका सक्षम दुसरा कोणी नाही, असे मी मानतो. मात्र त्यासाठी आपल्याच औषधांकडे आणि पथ्याकडे नव्याने पाहावे लागेल.

पहिला प्रश्न हिंगाचा. बाजारातील बांधणी हिंगात शुद्ध हिंग थोडा आणि गोंद व गव्हाचे पीठ किंवा मैदा अधिक असतो. आपण ग्रहणीत सढळ हाताने देतो ते हिंग्वष्टक चूर्ण आणि चित्रकादि वटी कोणत्या हिंगापासून बनविली, हे निर्मात्याला विचारले पाहिजे. स्वतः करणाऱ्यांनी खडा हिंगच वापरावा. दुसरा प्रश्न यवाचा. यव लघुपथ्य म्हणून, विशेषतः प्रमेह व स्थौल्यात, आपण आदराने सांगतो, पण यवातील प्रथिन या रुग्णास गव्हाइतकेच वर्ज्य आहे. यवक्षार हा भस्मापासून केलेला असल्याने त्याची गोष्ट वेगळी. यवापासून केलेली सौवीर कांजी मात्र टाळावी. सातूच्या पिठातही आपल्याकडे गहू घालतात. तिसरे, दलिया, रवा, शेवया हे ‘हलके’ म्हणून आजाऱ्याला दिले जाणारे पदार्थ गव्हाचेच आहेत, आणि कुरडयांचा चीकही गव्हाचाच.

चौथा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न पिठाच्या गिरणीचा. ज्या जात्यावर आत्ताच गहू दळला, त्यावर लगेच ज्वारी टाकली तर पहिले किलो-दोन किलो पीठ मिश्रच येते. पिठाची विरी गेली की भाकरी थापताना चिमूटभर गव्हाचे पीठ मिसळण्याची पद्धतही घराघरांत आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणविणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावे लागते. ही मर्यादा पाहता चिमूटभर पीठ ही लहान गोष्ट नाही. घरघंटी असेल तर उत्तम, नसेल तर गिरणीवाल्याला विनंती करून भात किंवा ज्वारीनंतरच दळण टाकावे.

दुधाविषयीही तारतम्य हवे. विलाय झडले की लॅक्टेजही घटते, त्यामुळे आरंभी दूध सोसत नाही, पोट फुगते. अशा रुग्णावर दुग्धप्रधान पर्पटीकल्प लादू नये. ताकात दुधातील साखरेचा काही भाग आंबण्यात खर्च झालेला असतो आणि जिवाणू उरलेली पचविण्यास साह्य करतात. ग्रहणीत तक्राला दिलेले श्रेष्ठत्व या दृष्टीने पाहिले की ग्रंथकर्त्यांविषयीचा आदर दुणावतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की, वैद्याने रक्त-लघवीच्या चाचण्यांच्या मागे लागावे काय? माझे नम्र मत असे की, ज्ञानाची साधने वाढली म्हणून शास्त्र बाटत नाही. प्रत्यक्षाला जे दिसत नाही ते दाखविणारे यंत्र हा प्रत्यक्षाचाच विस्तार होय. शिवाय या व्याधीत आधुनिक वैद्यकाजवळ तरी कोणते औषध आहे? गोळी नाही, इंजेक्शन नाही. आहे ते केवळ निदानपरिवर्जन. सबंध आयुष्यभर पथ्य हीच चिकित्सा असलेला व्याधी आयुर्वेदाच्या वैद्यांनी आपला मानला नाही, तर कोणी मानावा?

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा. मग सर्वांचाच गहू बंद का करू नये? अशी लाट शहरांतून येतच आहे. परंतु गोधूम हा संहितेत बृंहण, जीवनीय आणि स्थैर्यकर म्हणून वर्णिलेला आहे. ज्याला तो सात्म्य आहे त्याच्याकडून तो हिरावून घेण्याचे कारण नाही. सरसकट बंदी ही निदान न करण्याचीच दुसरी तऱ्हा आहे. शिवाय निदान नसलेले पथ्य कुटुंबाला जड जाते. खानदेशात मुलीच्या बाबतीत ‘हिला गहू चालत नाही’ ही गोष्ट सोयरिकीच्या वेळी लपविली जाते. लपविलेले पथ्य सासरी मोडते. स्पष्ट निदान, लेखी पत्र आणि दोन्ही घरांशी मोकळे बोलणे हेच तिचे रक्षण आहे, आणि हे बोलणे कुटुंबाचा वैद्यच करू शकतो.

संघटनेस विनंती

अखेरीस, सभासद बंधू-भगिनींपुढे चार सूचना विचारार्थ ठेवतो.

१) सहा आठवड्यांहून अधिक काळ चाललेल्या प्रत्येक ग्रहणीरुग्णात हिमोग्राम, मळाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, अल्ब्युमिन आणि टीटीजी-आयजीए (एकूण आयजीएसह) या चाचण्या गहू बंद करण्यापूर्वी कराव्यात.

२) मूल असल्यास प्रत्येक भेटीत उंची व वजन लिहून ठेवावे. वाढीची रेषा खोटे बोलत नाही.

३) पथ्य आणि औषध एकाच दिवशी सुरू केल्यास यशाचे श्रेय कोणा एकाला देऊ नये. शक्य तेथे प्रथम पथ्य आणि पंधरा दिवसांनी औषध, असा क्रम ठेवून नोंदी कराव्यात. पर्पटी पारदघटित आहे, तिची आवश्यकता सिद्ध झाल्यावरच ती द्यावी. पंचामृत पर्पटीत लोह असल्याने तीमुळे पांडु किंचित हटला तरी मूळ व्याधी गेला असे समजू नये.

४) संशयित रुग्णास धुळे अथवा जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे पत्र देऊन पाठवावे आणि निदानानंतर पथ्यासाठी पुन्हा आपल्याकडे बोलवावे. अशा नोंदी तालुकावार एकत्र झाल्या, तर ज्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या पाहण्यांतून खानदेशाला मिळालेले नाही, ते आपल्या संघटनेच्या वह्यांतून मिळू शकेल.

ग्रहणीचा रुग्ण आपल्यावर विश्वास टाकून येतो. त्याला बरे वाटणे आणि तो बरा होणे यांतील अंतर ओळखण्याची जबाबदारी त्याची नाही, आपली आहे.